कोणाचो रे तू?

स्टोर्नोवेहून नेसची बस सुटली तेव्हा पाऊस तिरका पडत होता. नेस म्हणजे स्कॉटलंडच्या लुइस बेटाचं पार उत्तरेचं टोक. बार्वसच्या माळावर नजर पोचेल तिथवर झाड नाही. तपकिरी दलदल आणि तिच्यात जळणासाठी पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची माती, कापून नेल्याचे काळे चर. लोक इथे टोकावरचं लाल विटांचं दीपगृह बघायला येतात. मी आलो होतो जुने फोटो बघायला.

नेसकरांनी 1977 साली आपलं इतिहास मंडळ काढलं, ‘कोमन एखद्री निश’. हेब्रिडीज म्हणजे लुइस ज्यात येतं त्या बेटांमधलं हे पहिलं. पुढे गावोगावी निघाली. मंडळाचं बिऱ्हाड आता क्रॉस गावच्या जुन्या शाळेत आहे. पेट्यांमधून, कपाटांतून, बायबलच्या पानांतून निघालेले घरोघरचे फोटो इथे जमले आहेत.

तिथल्या बाईंनी एक फोटो हातात दिला. तीन मुली, बाह्या वर सारलेल्या, पुढे तेलकट जाड ॲप्रन. मी चेहरे बघत होतो. बाई म्हणाल्या, “बोटं बघा.” प्रत्येकीच्या बोटांना चिंध्या गुंडाळून दोऱ्याने आवळलेल्या. या हेरिंग साफ करणाऱ्या मुली. हेरिंग आपल्या तारलीच्या कुळातला मासा. मासळीचे थवे सरकत त्याप्रमाणे या मुली शेटलंडपासून पार इंग्लंडच्या यार्मथपर्यंत जात. तिघींची एक जोडणी: दोघी आखूड सुरीने आतडी काढणार, तिसरी पिंपात मिठाचे थर देत मासळी रचणार. सराईत हात मिनिटाला साठ मासळीपर्यंत जाई म्हणतात. सुरी लागलेल्या बोटात मीठ शिरलं की काय होत असेल, हे कोकणात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. आमच्याकडे खारवणाला बसलेल्या बायकांचे हात मी बघितले आहेत. त्यांचे फोटो मात्र कुणी काढले नाहीत, याचं मला तिथे फार वाईट वाटलं.

पुढच्या खोक्यात नौदलाच्या गणवेशातली पोरं होती. इथे आवाज आपोआप खाली येतो. 1 जानेवारी 1919. युद्ध संपलेलं, आणि सुट्टीवर घरी निघालेल्या खलाशांना घेऊन ‘यूलर’ हे जहाज स्टोर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटलं. जहाजावरच्या सुमारे 280 जणांपैकी 201 गेले. किनारा काही वावांवर होता, बंदराचे दिवे दिसत होते. घराघरात चूल पेटती ठेवून माणसं वाट बघत बसली होती. नेसचाच एक होडी बांधणारा, जॉन एफ. मॅक्लाउड, दोर घेऊन पोहत काठाला लागला. त्या दोराने चाळीसेक जण वाचले. पुढे कित्येक वर्षं या रात्रीबद्दल घरात कुणी बोलत नसे. फोटो भिंतीवर होते, पण त्यांच्याविषयी विचारायचं नाही, हे पोरांना न सांगता कळायचं.

चार वर्षांनी, एप्रिल 1923 मध्ये, ‘मेटागामा’ जहाज इथूनच सुमारे 300 तरुणांना घेऊन कॅनडाला गेलं. बेट असं पुन्हा एकदा रिकामं झालं.

मॅक्लाउड, मॉरिसन, मॅकडॉनल्ड ही आडनावं इथे इतकी आहेत की नुसत्या नावाने माणूस सापडत नाही. म्हणून बाप, आजा, टोपणनाव अशी साखळी लावायची. भेटल्यावर इथल्या गेलिक भाषेत विचारतात, “को लेश ऊ?” तू कुणाचा? आमच्या मालवणीतलं “कोणाचो रे तू?” ते हेच. बाईंनी मलाही विचारलं. मी वाडी, आजोबा आणि घराचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ भिजल्या कोटातून लिफाफा काढत आले. शाळेचा फोटो, चार ओळी. तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीपुढे जुनं प्रश्नचिन्ह होतं. त्यांची बहीण कॅनडात, वय नव्वदच्या पुढे. आदल्या रात्री फोनवर तिने ओळखलं होतं. बाईंनी फोटो पालथा घातला आणि पेन्सिल घेतली. शाई कालांतराने पुढच्या बाजूला उमटते. आधी प्रश्नचिन्ह खोडलं, मग मुलीचं नाव, तिच्या बापाचं, आजोबाचं, आणि शेवटी टोपणनाव. ते लिहिताना दोघंही हसले. का, ते मी विचारलं नाही.