सिंपल की कम्पाउंड? एका खुणेपायी गेलेले एकवीस दिवस

श्रावणात ओल्या अंगणात आई घसरली आणि उजवा हात टेकून पडली. दवाखाना, एक्स-रे, भूल देऊन हाड बसवणं, दोन तारा, प्लास्टर हे सगळं दीड दिवसात झालं. तिथल्या लोकांचे उपकारच आहेत. छळलं ते अपघात विम्याच्या क्लेमने.

फॉर्ममध्ये एक रकाना होता : फ्रॅक्चर सिंपल की कम्पाउंड? हाडाचे तीन तुकडे झालेत हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं, म्हणून मी कम्पाउंडवर खूण केली. आठवड्याने निरोप आला, "क्वेरी आहे." कसली, ते नाही. फोन केला. "कागद अपुरे आहेत, ताई." कुठले? "ते इथे दिसत नाही." एक्स-रे पाठवले, पुन्हा क्वेरी. डिस्चार्ज कार्ड परत पाठवलं, पुन्हा क्वेरी. दोनदा ऑफिसात जाऊन हात हलवत परतले. घरी फोन वाजला की आई विचारायची, "माझ्यामुळेच अडलंय का गं?" त्याचा राग अजून जात नाही. तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुम्ही कम्पाउंड लिहिलंय, पण कार्डावर जखमेचा उल्लेखच नाही." एवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं!

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना गाठलं. कम्पाउंड म्हणजे कातडी फाटून जखम थेट मोडलेल्या हाडापर्यंत गेलेली; तिथे जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून त्याचा हिशोब वेगळा. तुकडे कितीही होवोत, कातडी शाबूत असेल तर फ्रॅक्चर बंद, म्हणजे सिंपलच. तुकडे झालेल्याला म्हणतात कॉमिन्युटेड. दोन्ही शब्द कानाला इतके जवळचे, की माझ्यासारखी कुणीही फसेल. आईचं होतं कोलीस फ्रॅक्चर : रेडियसचं, म्हणजे कोपरापुढच्या हातातल्या अंगठ्याकडच्या हाडाचं, मनगटाजवळचं टोक मोडून हाताच्या पाठीकडे सरकलेलं. म्हणूनच मनगट जेवणाच्या काट्यासारखं दिसत होतं. तेच टोक तळहाताकडे सरकलं तर ते स्मिथ. आयरिश सर्जन अब्राहम कोलीस यांनी या दुखापतीचं वर्णन १८१४ साली लिहिलं, एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. हे ऐकून मी थक्क झाले.

डॉक्टरांनी तीन ओळी लिहून दिल्या : कुठलं हाड, कुठली बाजू, बंद फ्रॅक्चर, तुकडे झालेले, सरकलेलं. नऊ दिवसांत पैसे जमा झाले. तुम्ही मात्र डिस्चार्ज घेतानाच हे सगळं कार्डावर लिहून घ्या. उजवा-डावा स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. केस पेपरवर "कोलीस" आणि कार्डावर "डिस्टल रेडियस" (रेडियसचं मनगटाकडचं टोक) असेल, तर दोन्ही एकच असल्याचंही लिहून मागा. फॉर्ममधली ती खूण डॉक्टरांना विचारूनच करा.

प्लास्टरमधली बोटं बधिर किंवा निळी पडली, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं : हात मोडल्याची शंका आली की बांगड्या, अंगठी लगेच काढा. आईचा हात तासाभरात इतका सुजला की पाटली कापावी लागली.