तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चची खजिनदारकी सोडली, तरी दानाचं पाकीट का टाकता?

उपासनेनंतर गेटवर विचारता, लग्नात जेवताना विचारता. आतले हिशेब एवढे पाहिले तरी दान देता, मग तुमचं अध्यात्म नक्की कशात आहे?

आधी एक सांगतो. परदेशातून पैसा येतो असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी आमचं कॅशबुक बघावं. पाळकसाहेबांचा पगार, लाइटबिल, गळणारे पत्रे, सगळं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, खिशातून. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये परदेशी मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा काढला, त्यावर खजिनदार असताना मी म्हणायचो की ते कवी होते, आपल्याला छप्पर सांभाळायचंय. आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही.

कमिटीचा नियम होता, वर्गणी थकलेली असेल तर कबरस्तानात जागा देण्याआधी भरून घ्यायची. एक मावशी वारल्या, महिना तीस रुपये, तीन वर्षांची बाकी, 1080. शवपेटी अंगणात, बायका गीत गातायत आणि मी पावतीपुस्तक घेऊन दारात उभा. मुलगा सेंटरिंगच्या कामावर, तो शेजारून पैसे मागून आला, मी ते दोनदा मोजले, कार्बन सरळ केला, तर तो म्हणाला, "काका, पावती आईच्याच नावाने करा, तिच्यावर बाकी नको राहायला."

मी केली. नियम होता म्हणून केली, असं मी पुढे दोन वर्षं सांगत होतो.

मग एकदा जुनी वही चाळताना दिसलं. हंगामाच्या सणाला लोक पिकलेलं-पाळलेलं चर्चला देतात आणि त्याचा लिलाव होतो; मावशी दर सणाला गावरान अंडी आणायच्या, लिलावात एकदा ती पाचशेला गेली होती, म्हणजे त्यांनी दिलेलं वर्गणीपेक्षा जास्तच होतं, फक्त ते वेगळ्या खात्यात जमा व्हायचं. खाती मीच पाडली होती.

दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी, टाकणाऱ्या बायबलमधल्या गरीब विधवेवर दरवर्षी प्रवचन होतं. मार्कच्या शुभवर्तमानाचा 12वा अध्याय उघडा, तिच्या जरा वरच येशू म्हणतो की हे शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणारे, विधवांची घरं खाऊन टाकतात. ते वचन आम्ही कधी वाचलंच नाही, मीही नाही.

नियम काढायचा ठराव मी मांडला, तो पडला. त्यानंतर खजिनदारकी सोडली. देणं सोडवत नाही, ते त्या छपरासाठी आहे की देवासाठी, हे मला अजून वेगळं करता येत नाही. पाकिटावर नाव मात्र लिहीत नाही, त्यामुळे आता वर्गणीच्या वहीत माझ्या नावावर बाकी चढतेय आणि नवा खजिनदार दर रविवारी आठवण करतो.