रामटेकला जावळ काढायला जाणाऱ्या नागपूरकरांसाठी

रामटेकला मुलाचे जावळ काढण्याचा बेत असेल, तर डोक्याला वस्तरा लागण्यापूर्वी पैशांचा सगळा व्यवहार चार माणसांसमोर बोलून घ्यावा. ते जमणार नसेल तर जावळ नागपुरात घरीच काढावे आणि गडावरच्या राममंदिरात केवळ दर्शनाला जावे. हे मी परतल्यावर लगेच, पोटऱ्या दुखत असतानाच लिहीत आहे. मत कडक वाटले तरी ते सौम्य करण्याची माझी इच्छा नाही.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. नागपूरहून जबलपूर मार्गाने कामठी, कन्हान आणि मनसर, तेथून उजवीकडे वळले की रामटेक, असे सुमारे पन्नास किलोमीटर अंतर आहे. गणेशपेठेतून एसटी मिळते आणि इतवारीहून निघणारा लोहमार्ग रामटेकलाच संपतो. पायऱ्या चढू शकणारी माणसे, भरपूर पाणी आणि मुलासाठी सुती टोपी एवढी तयारी मी गृहीत धरतो.

आमची दिशाभूल झाली ती एका मध्यस्थामुळे. ‘गाडी थेट वर जाते, नाभिक वरच असतो, डोक्याचे पाचशे रुपये,’ असे त्याने फोनवर स्पष्ट सांगितले होते. पोहोचल्यावर मात्र त्याने आम्हाला गडाच्या पायथ्याच्या अंबाळा तलावाकडे नेले. अंबाळा हे पवित्र स्थान आहे याबद्दल दुमत नाही. परंतु तेथे अस्थिविसर्जनाला आणि पिंडदानाला लोक येतात, आणि शेजारी पिंड ठेवले जात असताना नातवाला मामाच्या मांडीवर बसवायला आईने ठाम नकार दिला. अखेर घाटापासून बरेच दूर, एका झाडाच्या सावलीत पाट मांडला. वडीलधारी मंडळी सोबत असतील तर ही जागा आधीच नाकारावी.

आमच्याकडे मामा भाच्याला मांडीवर घेतो, पाच बटा तोच कात्रीने कापतो आणि आत्या त्या पोळीवर झेलते. त्यानंतर नाभिक वस्तरा हाती घेतो. डोक्याची उजवी बाजू पूर्ण झाली आणि नाभिक थांबला. ‘भाऊ, डोक्याचे पाचशे झाले, पण नेगाचे (मानाचे), बटांचे आणि वस्त्राचे वेगळे लागतील,’ असे म्हणून त्याने एकवीसशे रुपये मागितले. मूल रडत होते, अर्धे डोके तुळतुळीत आणि अर्धे केसाळ होते, आणि अशा अवस्थेत कोणतेही आईबाप घासाघीस करू शकत नाहीत, हे मागणाऱ्याला पक्के ठाऊक असते. आम्ही पैसे दिले. नाभिकाला शिधा, वस्त्र आणि दक्षिणा देणे हा त्याचा मान आहे, आणि ते सर्व आम्ही आनंदाने सोबत नेलेही होते. माझा आक्षेप रकमेपेक्षा ती मागण्याच्या वेळेला आहे, कारण त्या क्षणी मूल ओलीस असते.

पात्याबाबत मात्र आम्ही बधलो नाही. आधी वापरलेल्या पात्यातून कावीळ ‘ब’सारखा आजार पसरू शकतो, म्हणून नव्या पात्यांचे पाकीट घरूनच न्यावे आणि आपल्या डोळ्यांदेखत उघडावे. मूल वर्षाच्या आतले असेल तर टाळू बहुधा भरलेली नसते, तेव्हा तेथे हात हलका ठेवण्यास बजावून सांगावे.

त्यानंतर मध्यस्थाच्याच सांगण्यावरून, ‘पाच मिनिटांची चढण आहे,’ म्हणून आम्ही अंबाळ्याकडून दगडी पायऱ्यांनी गडावर निघालो. ही वाट लहान मुलाला घेऊन उन्हात कोणीही धरू नये. दगड तापलेले होते, सलग सावली नव्हती, कडेवरच्या मुलाच्या नुकत्याच मोकळ्या झालेल्या डोक्यावर ऊन थेट पडत होते, आणि नारळाच्या पिशवीवर झडप घालायला टपलेल्या वानरांमुळे एक हात सतत तिच्यात अडकला होता. गावाकडच्या रस्त्याने गाडी बरीच वर जाते आणि तोच मार्ग योग्य आहे. मात्र त्यानंतरही पायऱ्या उरतात, हे गुडघेदुखी असलेल्यांनी लक्षात ठेवावे. श्रीरामापुढे मुलाला ठेवल्यावर आईचे डोळे भरून आले आणि तेवढ्यापुरता सगळा शीण मी विसरलो, हेही खरे आहे. वाकाटककालीन केवल नरसिंह मंदिर मात्र त्या दमलेल्या अवस्थेत राहून गेले. दुसरा दिवस खिंडसी तलावावर सुखात गेला.

घरी जावळ काढल्याने विधी उणा पडतो, ही भीती निराधार आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात चौल, म्हणजे जावळाचा विधी, तिसऱ्या वर्षी किंवा कुलधर्मानुसार करण्यास सांगितले आहे, आणि तेथे मूल घरच्या अग्नीजवळ आईच्या मांडीवर असते. कोमट पाणी, दर्भ, धान्य, लोणी किंवा दही, आणि कापलेले केस ठेवायला शमीची पाने व शेण अशी घरगुती सामग्री लागते. मनुस्मृती पहिले किंवा तिसरे वर्ष सांगते. तेव्हा नवस बोललेला नसेल तर गडाचा आग्रह धरू नये. केसही तलावात न टाकता झाडाच्या मुळाशी पुरावेत.

मुहूर्तासाठी उत्तरायण पाहतात आणि चातुर्मास टाळतात, म्हणून बरीच कुटुंबे वैशाखात जातात. नागपूरचा पारा त्या दिवसांत पंचेचाळीसच्या आसपासही जातो, तेव्हा माघ किंवा फाल्गुनच धरावा आणि रामनवमीची गर्दी टाळावी. नवस गडाचाच असेल तर आपल्या मोहल्ल्यातील ओळखीच्या नाभिकाला दिवसाची मजुरी, जेवण आणि मान ठरवून गाडीतून सोबत न्यावे, सकाळी आठच्या आत जावळ उरकावे, डोक्याला खोबरेल लावून टोपी घालावी आणि मगच दर्शनाच्या रांगेत उभे राहावे.