करवंटीचं ताट: तिसरा रविवार

चिमण्यांना दाणे ठेवायचा बाटलीचा प्रयोग बंद केला. पहिल्या रविवारी लेक (वय ६) आणि भाचा (४) यांनी पाण्याच्या बाटलीत दोन लाकडी चमचे आडवे घालून ती खिडकीच्या ग्रिलला टांगली होती. दाणे येत होते छान, पण निम्मे खाली पत्र्यावर सांडायचे आणि दोन दिवसांत तिथे कबुतरांनी ठाण मांडलं. मुंबईत हे चालवून घेता येत नाही. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना बाधते, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांना दमा आहे. लगेच काढली.

मग नारळाची करवंटी. डोळ्यांकडचा अर्धा भाग घ्या. तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो, तो भाच्याने पेन्सिलीने शोधून काढला आणि टोचून आरपार केला. पाणी निथळायला तेच भोक. काठाची तीन भोकं मात्र मीच खिळा तापवून पाडली. बाहेरच्या शेंड्या काचपेपरने घासायचं काम लेकीचं, तब्बल दोन संध्याकाळी! रंग दिला नाही, तेल नाही, वॉर्निश नाही. सुतळीने एकाच हुकाला टांगली, म्हणजे ती मोकळी झुलते. चिमणी २५-३० ग्रॅमची, ती झुलत्या काठावर सहज बसते. कबूतर ३०० ग्रॅमच्या आसपास, त्याच्या भाराने करवंटी कलते आणि ते उडून जातं. त्याने चार वेळा प्रयत्न केला, मी मोजले.

दाणे: बाजरी, राळे आणि तांदळाची कणी, सकाळी फक्त दोन चमचे. संपले तरी दुपारी भरत नाही, म्हणून खाली सांडत नाही आणि रात्री उंदीर येत नाहीत. फरसाण, बिस्किटं अजिबात नाही. दर रविवारी करवंटी गरम पाण्याने घासून उन्हात वाळवतो. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी धरते, तेव्हा ती उतरवूनच ठेवायचा विचार आहे.

बाटलीपासून धरले तर पहिले अकरा दिवस एकही चिमणी फिरकली नाही. लेक रोज शाळेतून आली की आधी खिडकीत. बाराव्या दिवशी सकाळी सात वाजता नर आला, गळ्याखाली काळा डाग असलेला. परवापासून मादीही येते. पिल्लांना मात्र दाणे नाही, अळ्या-किडे लागतात, म्हणून कढीपत्त्याच्या कुंडीवर फवारणी बंद केली आहे. पानं कुरतडलेली दिसतात, दिसू देत.

पुढच्या रविवारी पाण्याचं मातीचं परळ. दोन बोटं पाणी, रोज ओतून नवं भरायचं, डासांची अंडी राहू नयेत म्हणून आतून घासायचं. घासायला भाचा तयार आहे.