आमची वाटचाल : शेऱ्याच्या रकान्यातून

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका औद्योगिक इमारतीत आमचा गाळा आहे. आजूबाजूला टर्निंग, प्लेटिंग, पावडर कोटिंग. मधेच आम्ही, सॉफ्टवेअरवाले. सुरुवातीला वेबसाइट करून द्यायचो, त्यावर कसंबसं भागायचं. पुढे शेजारच्याच एका वर्कशॉपवाल्यांनी विचारलं, "आमचा जॉबवर्कचा हिशोब लावून द्याल का?" तिथून धंद्याची दिशा बदलली. आज इस्टेटीतले आणि रबाळे-महापे पट्ट्यातले लहान कारखानदार हेच आमचे मुख्य ग्राहक.

जॉबवर्क, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडे पाठवून त्यावर काम करून घेणं, बाहेरून सोपं दिसतं. माल चलानवर प्लेटिंगला जातो, काम होऊन परत येतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा (किंवा तिथूनच विकला जायला हवा), नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. त्यामुळे कुठल्या चलानचं किती बाकी, हे मालकाला रोज कळायला हवं.

नवीन काम आलं की पहिल्या भेटीत "तुम्हाला काय काय हवंय" असं आम्ही विचारत नाही. विचारलं की मोबाइल ॲपपासून रंगीत आलेखांपर्यंत यादी वाढत जाते. आम्ही वर्षभराचं आवक-जावक रजिस्टर मागतो आणि आधी शेवटचा रकाना वाचतो, शेऱ्याचा. बाकीचे रकाने छापखान्याने ठरवलेले असतात. शेरा स्टोअरकीपरने स्वतः लिहिलेला असतो. "२०० पैकी १४० आले." "६ रिजेक्ट." "जुन्या दराने." "परस्पर हीट ट्रीटमेंटला." जो शेरा पुन्हा पुन्हा येतो, त्याला डेटाबेसमध्ये स्वतःची जागा लागते.

"१४० आले" म्हणजे परतीच्या नोंदींचं वेगळं टेबल (डेटाबेसमधला तक्ता), आणि त्यातली प्रत्येक ओळ मूळ चलानच्या ओळीला जोडलेली. किती माल यायचा बाकी, हा आकडा आम्ही साठवत नाही, दर वेळी मोजतो. साठवलेली बाकी आणि नोंदी कधी ना कधी फारकत घेतातच. "परस्पर" या शेऱ्याने तर आमचं चित्रच बदललं. माल आपल्याकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून आपल्याकडे, एवढंच धरलं तर प्लेटरने थेट पुढच्या कारागिराकडे पाठवलेला माल बसवायचा कुठे? म्हणून प्रत्येक हालचालीला 'कुठून' आणि 'कुठे' असे दोन रकाने दिले. एका स्टोअरवाल्या काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: "साहेब, बोल्ट जातात नगावर आणि येतात किलोवर." मग प्रत्येक पार्टला एका नगाचं वजन नोंदवणं आलं.

साधनांचं म्हणाल तर पहिले दिवस फक्त पांढरा फळा आणि कागदी चिठ्ठ्या. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेली एंटिटी-रिलेशनशिप आकृती (कशाकशाची नोंद ठेवायची आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे दाखवणारी) अजूनही तितकीच कामाची आहे, आणि चौकोन व रेघा असल्याने कारखान्यातल्या माणसालाही ती वाचता येते. काकांनी रेघेवर बोट ठेवून "असं होत नाही" म्हटलं की आमचं काम झालं. नंतर ती ड्रॉ डॉट आयओ या आकृत्या काढायच्या साधनात नीट काढतो आणि टेबलांची रचना मजकूर स्वरूपात कोडसोबत गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवतो, म्हणजे कोणता रकाना कधी वाढला ते सापडतं. डेटाबेससाठी पोस्टग्रेस हे सॉफ्टवेअर. पैशांसाठी न्यूमेरिक, म्हणजे दशांश आकडा अचूक ठेवणारा प्रकार. फ्लोट हा अंदाजे आकडा ठेवणारा प्रकार वापरला तर पैशा-दोन पैशांच्या फरकावरून सीए फोन करतात.

एका बाबतीत आम्ही हट्टी आहोत. कराचा दर 'कधीपासून लागू' या तारखेसह वेगळ्या टेबलात, आणि बिलाच्या ओळीत त्या दिवशीच्या दराची नक्कल. नवी मुलं हरकत घेतात, एकच माहिती दोनदा कशाला? पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एक चालू नियम, दुसरी घडलेली घटना. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा आमच्या ग्राहकांकडे टेबलात नव्या ओळी भरल्या गेल्या, जुनी बिलं होती तशीच राहिली.

कोणती टेबलं लागतील आणि ती कशी जोडायची, या आखणीचे आम्ही वेगळे पैसे घेतो. "नुसत्या चित्राचे पैसे?" हे अजूनही ऐकावं लागतं. त्यावर आमची अट सरळ आहे: आकृती तुमची, हवं तर दुसऱ्याकडून ॲप्लिकेशन करून घ्या. काहींनी तसं केलंही. काही घासाघीस करून आमच्याकडेच थांबले.

सध्या कारागिरांकडे पाठवलेले साचे आणि फिक्श्चर (काम करताना पार्ट पकडून ठेवणारी साधनं) यांच्या नोंदींचं काम हातात घेतलंय. जीएसटीत त्यांना परतीची मुदत नाही, म्हणून बहुतेकांकडे त्यांचं रजिस्टरही नाही, म्हणजे वाचायला शेराही नाही. त्यामुळे यावेळी प्लेटर आणि टूलरूमवाल्यांकडे जाऊन रॅकवरचे साचे बघत, कोणाचे कोणते, हे विचारूनच चिठ्ठ्या भरतोय.