पोस्टमन, बिस्किट आणि घोळीची भाजी

त्रिनिदाद म्हटलं की आमच्या घरात एकच विषय निघतो. पोर्ट ऑफ स्पेन, 1971, गावसकर. पदार्पणात 65 आणि नाबाद 67, आणि दौऱ्याच्या शेवटी त्याच मैदानावर 124 आणि 220. सासरे हे आकडे पाढे म्हणावेत तसे म्हणायचे. त्यांच्या लेखी ते बेट म्हणजे एक खेळपट्टी आणि तिच्याभोवती थोडी वस्ती. माझी समजूतही फार वेगळी नव्हती.

मग मला फुलपाखरांचं वेड लागलं आणि त्रिनिदाद निराळ्याच दाराने घरात आलं. मी तिथं गेलेले नाही, जाईन असंही दिसत नाही. जे काही ठाऊक आहे ते वाचून आणि फोटो पाहून. पण एवढं कळल्यावर मी थक्क झाले की पाच हजार चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोड्या लहान बेटावर फुलपाखरांच्या सहाशेहून जास्त जाती आहेत. अख्ख्या महाराष्ट्रात त्या तीनशेच्या आसपास भरतात. आणि जमैका? त्रिनिदादच्या दुपटीहून मोठं, निळ्या डोंगरांचं देखणं बेट, पण तिथं जेमतेम सव्वाशे-दीडशे.

कारण भूगोलात आहे. जमैका समुद्रात एकटं. तिथं पोहोचायचं तर वारा हवा, नशीब हवं, आणि उतरल्यावर पिल्लांना खायला योग्य झाड हवं. त्रिनिदाद मात्र व्हेनेझुएलापासून अवघ्या अकरा किलोमीटरवर आहे. शेवटचं हिमयुग संपून समुद्र वर चढला तेव्हा दक्षिण अमेरिकेचा हा तुकडा सुटा झाला, आणि सुटताना मुख्य भूमीवरचं सगळं बिऱ्हाड सोबत घेऊन सुटला. नकाशात ते कॅरिबियन बेट. फुलपाखरांच्या हिशेबात अजून दक्षिण अमेरिकाच.

मला मात्र खरी मजा वाटली ती तिथल्या नावांची. एक आहे पोस्टमन, दुसरा छोटा पोस्टमन. एक बिस्किट. एक गाढवाचा डोळा. एक किंग शूमेकर, म्हणजे राजाचा मान मिळालेला चांभार. एकाचं नाव नुसतंच ‘एकोणनव्वद’, कारण पंखाच्या खालच्या बाजूला खरोखरच कुणीतरी 89 लिहून ठेवल्यासारखी नक्षी आहे. एकाला क्रॅकर म्हणतात. तो झाडाच्या खोडावर डोकं खाली करून बसतो आणि दुसरा कुणी जवळून उडाला की कटकट आवाज करत त्याच्या मागे लागतो. (फुलपाखरू आवाज करतं हे मी आधी कुणी सांगितलं असतं तर मानलं नसतं.) आपल्याकडे महाराष्ट्राने 2015 मध्ये राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू केलं, देशात पहिल्यांदा. नाव छानच आहे. पण त्रिनिदादची नावं राजवाड्यातली वाटत नाहीत, ती गल्लीतली आहेत. सकाळी दारावरून जाणाऱ्या माणसांची हजेरी घेतल्यासारखी.

त्यातल्या पोस्टमनवर माझा विशेष जीव. काळेभोर पंख, पुढच्या पंखांवर रुंद लाल पट्टा. पोस्टमन आणि छोटा पोस्टमन या दोन वेगळ्या जाती, पण शेजारी ठेवल्या तर जाणकारही क्षणभर अडखळतो. दोघेही चवीला विषारी. पक्ष्याने एकदा एकाला चोच मारली की तो दोघांनाही टाळतो, म्हणून एकाच गणवेशात राहणं दोघांच्याही फायद्याचं. अळ्या कृष्णकमळाच्या वेलींवर वाढतात. मोठेपणी ही फुलपाखरं मधाबरोबर परागही खातात, जे बाकीच्यांना जमत नाही, आणि बहुधा म्हणूनच महिनोन्‌महिने जगतात. संध्याकाळ झाली की जवळपासची सगळी एका ठरलेल्या सुकलेल्या काटकीवर येऊन लटकतात. दुसऱ्या दिवशी तीच काटकी. पोस्टमन नाव पडायला याहून चांगलं गिऱ्हाईक शोधूनही सापडलं नसतं: वेळ ठरलेली, वाट ठरलेली.

ही सगळी माहिती लोकांनी बसून, पाहून काढलेली आहे. त्रिनिदादच्या अरिमा खोऱ्यात विल्यम बीब नावाच्या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने संशोधन केंद्र थाटलं. हा माणूस 1934 साली बर्म्युडाजवळ एका लोखंडी गोळ्यात बसून 900 मीटरहून खोल समुद्रात उतरला होता. एवढं करून झाल्यावर उतारवयात तो एका टेकाडावर किडेमुंग्या बघत बसला, हे मला फार आवडलं. केंद्राचं नाव त्याने ठेवलं सिमला! आपलंच सिमला. तिथेच त्याची सहकारी जोसलिन क्रेन जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यांत पोस्टमन वाढवत होती. छोट्या पोस्टमनचा नर मादीच्या मागे लागतो तो त्या लाल रंगापायी, हे तिने 1955 मध्ये लिहिलं. म्हणजे पक्ष्याला ‘दूर हो’ सांगणारा पट्टा नराला ‘ये’ म्हणतो.

मॉर्ट ब्ल्यू नावाचं एक प्रचंड फुलपाखरू आहे. त्याच्या पंखाखाली घुबडाचा डोळा. दिवसभर सावलीत दडून तिन्हीसांजेला बाहेर पडतं, आणि सडलेल्या केळ्यावर तुटून पडतं. फुलपाखरं गोळा करणारे याचाच फायदा घेतात: जास्त पिकलेलं केळं, वर थोडी रम, की सापळा तयार. तिथले मोठे संग्राहक माल्कम बारकंट यांनी आयुष्यभर जमवलेला खजिना आज पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अँगोस्टुराच्या संग्रहालयात आहे. अँगोस्टुरा म्हणजे बिटर्स (पेयात थेंबभर घालायचा कडू अर्क) आणि रम बनवणारी कंपनी. योग्य जागी पडला म्हणायचा.

पण एका नावापाशी हसू थांबतं. रस्त्याकडेला, पडीक जमिनीवर, कुठेही सहज दिसणारं एक फुलपाखरू आहे, गडद तपकिरी आणि त्यावर शेंदरी-लाल पट्टे. सुंदरच आहे. त्याचं त्रिनिदादी नाव ‘कुली’. 30 मे 1845 रोजी ‘फाटेल रझाक’ नावाचं जहाज दोनशेहून जास्त हिंदुस्थानी मजूर घेऊन तिथे लागलं. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसं ऊस तोडायला नेली गेली, बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली. त्या माणसांना तिथे हेच म्हणत, आणि ते प्रेमाने म्हणत नसत. आज त्यांची नातवंडं-पतवंडं 30 मेची सार्वजनिक सुट्टी साजरी करतात. फुलपाखराला याची काही कल्पना नाही. फुलपाखरांच्या पुस्तकात मात्र नाव छापलेलं आहे, पोस्टमन आणि बिस्किटाच्या रांगेत.

आता घोळीकडे येते. घोळ म्हणजे आपली बाजारात मिळणारी भाजी, आंबटसर, मुगाची डाळ घालून करतात ती. तिच्यावर आणि तिच्या भावकीतल्या चिनी गुलाबावर डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. काळपट अंग, अंगभर काटे, डोक्यावर दोन शिंगं. नर काळा, पंखांवर पांढरे गोल आणि त्यांना जांभळी झाक. मादी मात्र केशरी. रुईवर वाढणाऱ्या विषारी प्लेन टायगरची ती हुबेहूब नक्कल करते. तिच्या अंगात विष नाही, नुसता पेहराव. पक्षी फसतात.

हेच फुलपाखरू कॅरिबियनच्या छोट्या बेटांवरही आहे. मूळचं ते जुन्या जगातलं, आफ्रिका-आशियातलं. गुलामांच्या जहाजांबरोबर गेलं असावं असं काहींचं म्हणणं, वाऱ्याने गेलं असावं असं इतरांचं. वाऱ्याची शंका घेऊ नये, कारण 1988 मध्ये वाळवंटी टोळ आफ्रिकेतून अख्खा अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर उतरले होते. पण गेलं तरी एकटंच गेलं. प्लेन टायगर मागे राहिला. म्हणजे तिथली मादी ज्याची नक्कल करते ते फुलपाखरू त्या समुद्रापलीकडे नाहीच. तिकडचे केशरी विषारी कडू प्राणी वेगळे, मोनार्क, क्वीन वगैरे. ते दिसायला थोडेफार जुळतात. पण पंखाच्या टोकाजवळचा ठळक तिरका पांढरा पट्टा तिच्यासारखा त्यांच्याकडे नाही. तरी तिने पेहराव बदललेला नाही. पक्षी तिथेही ‘असेल बाबा काहीतरी केशरी’ म्हणून सोडत असतील, किंवा खातही असतील.

आमच्या गॅलरीतल्या चिनी गुलाबावर पावसाळ्यात या अळ्या हमखास येतात. सासूबाईंना तो गुलाब प्रिय, मला अळ्या. त्या म्हणतात, चिमटीत धरून टाक बाहेर. मी त्यांना त्रिनिदाद सांगायला लागते. “गावसकरांचं?” त्या विचारतात. मी म्हणते, त्याच बाजूचं. शेवटी असं ठरलंय की दोन कुंड्या त्यांच्या, एक अळ्यांची. अळ्यांना हा करार मान्य नाही, त्या तिन्ही कुंड्यांत जातात.