क्रायो-क्लेम: अडतं ते झेड अक्षात

ऑटोफॅगोसोम, म्हणजे पेशीतला टाकाऊ माल गुंडाळणाऱ्या पिशव्या, पेशीत मोजकेच असतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आंधळेपणाने शोधत बसलं तर ते हाती लागणं कठीण. म्हणून क्रायो-क्लेम, म्हणजे गोठवलेल्या एकाच नमुन्याच्या प्रकाश आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधल्या प्रतिमा जुळवणं: ऑटोफॅगोसोमवरच्या एलसी३ प्रथिनाला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडायचं, पेशी गोठवायची, फ्लुओरेसन्समध्ये हिरवा ठिपका हेरायचा आणि त्याच जागी आयन बीमने (एफआयबी) पेशी तासून उरलेल्या पातळ पापुद्र्याचा, म्हणजे लॅमेलाचा, टोमोग्राम (अनेक कोनांतल्या प्रतिमांतून बनलेलं त्रिमितीय चित्र) घ्यायचा.

ग्रिड, म्हणजे पेशी वाढवायची बारीक जाळी, सोन्याची घ्या, २०० मेश (इंचाला २०० चौकोन). तांब्यावर पेशी मरतात. खुणांची फाइंडर ग्रिड असली तर उत्तम, कारण दोन यंत्रांतल्या प्रतिमा एकमेकींच्या आरशातल्या निघाल्या तर ते लगेच कळतं. एका चौकोनात एक-दोन पेशी पुरेत. दोन्ही यंत्रांतल्या प्रतिमा जुळवायला, गोठवायच्या जरा आधी १ मायक्रॉनचे फ्लुओरेसंट मणी सोडा. फिल्टर पेपर मागच्याच बाजूने टेकवा, मग थेट द्रव ईथेनमध्ये, सुमारे -१८० अंशांना. थर १० मायक्रॉनपलीकडे गेला की आतलं पाणी काचेसारखं न गोठता स्फटिक होऊ लागतं. अशा नमुन्यांना उच्च दाबाखाली, २१०० बारला गोठवण्यावाचून पर्याय नाही. पुढे शेवटपर्यंत तापमान -१४० च्या वर जाता कामा नये, आणि ग्रिड हलवताना प्रत्येक वेळी हवेतल्या बाष्पाचा दव तिच्यावर बसतो. चिमटे वाळवा, नायट्रोजन ताजा घ्या.

आता खरी अडचण. थंड नमुन्यावर तेलाची लेन्स चालत नाही. ०.९ एनएची (एनए म्हणजे प्रकाश गोळा करण्याची क्षमता) हवेतली लेन्स असली तरी उभ्या (झेड) दिशेने ठिपका मायक्रॉनच्या आसपास लांब दिसतो. लॅमेला ठेवायची २०० नॅनोमीटरची! त्यात बर्फाचा अपवर्तनांक सुमारे १.३१, त्यामुळे लेन्स १ मायक्रॉन सरकवली तर फोकस बर्फात १.३ मायक्रॉनहून जास्त खोल जातो. झेड स्टॅकचे (वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या प्रतिमांचे) आकडे न सुधारता वापरले, तर लॅमेला ठिपक्याच्या वरून किंवा खालून निघून जाते. शिवाय बीम ग्रिडशी साधारण १० अंशांचा कोन करून येतो, म्हणजे १० मायक्रॉन पुढे गेलं की कापाची उंची पावणेदोन मायक्रॉनने बदलते. म्हणून मणी तिन्ही अक्षांत जुळवायलाच हवेत. एक्स-वायपुरती जुळणी पाहून समाधान मानणं ही या पद्धतीतली सर्वांत महागडी घाई आहे.

लेसरची ताकद कमी ठेवा. कार्बनची फिल्म प्रकाश शोषून तापते, आणि काचेसारखं बर्फ स्फटिक झालं तर ग्रिड गेली. थंडीत जीएफपी फार हळू विरतं, तेव्हा कमी प्रकाशात जास्त वेळ एक्स्पोजर देणं परवडतं.

तासण्याआधी प्लॅटिनमचा थर हवाच, नाहीतर लॅमेलाची पुढची कड झिजते आणि पृष्ठभागावर पडद्यासारख्या रेघा उमटतात. ३० किलोव्होल्टच्या गॅलियमने ०.५ नॅनोअँपिअरपासून सुरू करून ३० पिकोअँपिअरपर्यंत उतरत या. जाडी ५००-७०० नॅनोमीटरवर आली की थांबा आणि एफआयबीच्या कक्षातच फ्लुओरेसन्स असेल तर ठिपका आत आहे का ते बघा. ठिपका आत नसेल, तर ती लॅमेला तिथेच सोडून दुसऱ्या पेशीकडे वळा. लॅमेला बाहेर काढून पुन्हा लाइट मायक्रोस्कोपखाली नेणं मला पटत नाही: दव बसतो, कडा तुटतात.

टोमोग्राम ±६० अंश, ३-३ अंशांच्या टप्प्यांनी, ४१ प्रतिमा. मात्र लॅमेला मुळातच तिरकी असल्याने सुरुवातीचा कोन तिच्या कलाएवढा सरकवा. फ्लुओरेसन्स नेहमी याच्या आधी, कारण इलेक्ट्रॉनचा मारा झाल्यावर जीएफपी उजळत नाही.